पोच आहे, मंजुरी नाही

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, सवारीच्या टेंपोत बसले की डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा पेंगतोय. एकदा दफ्तराच्या कामाने आम्ही दोघं ग्वाल्हेरच्या किला गेटहून बाड्याच्या चौकाकडे येत होतो, तेव्हा मी विचारलंच, "तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय?" डोळे न उघडता ते म्हणाले. "शेजारचा माणूस पेपर वाचतोय, सरदार. डोळे उघडे ठेवले की नजर जातेच. पेपर त्याने विकत घेतलाय, मी नाही."

मी तोपर्यंत त्याच पेपराचं अर्धं पान वाचून काढलं होतं. उरलेलं अर्धं पण वाचलं. माझ्यावर असल्या गोष्टींचा असर होत नाही.

'सरदार' हे नाव त्यांनीच मला दिलेलं. आमचे पणजोबा साताऱ्याकडून इथल्या फौजेत आले, घोडदळात होते. मी दफ्तरात जमादार होतो, म्हणजे चपराशांचा मुकादम. शिक्षण चौथी. पण मान कुणापुढे वाकवली नाही. साहेब आला तरी स्टुलावरून सावकाश उठायचो. ते बघून बडेबाबूंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत विचारलं, "काय सरदार, पाणी मिळेल का, की आधी अर्जी पाठवू?" तेव्हापासून सगळं दफ्तर मला सरदार म्हणायला लागलं. मला राग नाही आला. त्यांना टोमणा मारायचा होता, पण नाव बरोबर लागलं होतं.

हा माणूस मला आवडायचा असं कोणी समजू नये. नोकरीभर आमचं जमलं नाही. ते कोकणस्थ, पूर्वज दरबारात कारकून, पाच पिढ्या कागदात गेलेल्या. अंगाने किडकिडीत, कोट उन्हाळ्यातसुद्धा. बोलणं शुद्ध मराठी. ग्वाल्हेरात जन्म काढून आमच्यासारखी हिंदीची भेसळ त्यांच्या तोंडात कधी नव्हती. आणि एक वाक्य तर असं, की ऐकून ऐकून माझे कान किटले: "लिहून दिलंय का?"

साहेब म्हणाले, उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल. हे विचारणार, "लिहून देता का?" डॉक्टरने गोड बंद करायला सांगितलं, पण चिठ्ठीवर लिहायला विसरला. हे श्रीखंड खात राहिले.

थंडीत आपल्या इकडे गजकेची दुकानं लागतात. तीळ-गुळाची ती खुसखुशीत वडी, दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर तुकडा ठेवतो, "चखिए बाबूजी." सगळं गाव चाखत चाखत पुढच्या दुकानावर जातं. आमचे बडेबाबू हात मागे बांधून उभे राहायचे. म्हणायचे, "चाखलं म्हणजे घेतलं. घ्यायचं नसेल तर चाखायचं कशाला?" दुकानदार हसायचा, "अरे बाबूजी, चखने का पैसा थोड़े ही लगता है!" त्यावर हे गंभीरपणे म्हणायचे, "वही तो दिक्कत है."

आता असल्या माणसाच्या हातात कंप्यूटर आला म्हणजे काय होणार, बघा.

रायपूरकडचा भाग वेगळा निघून राज्याचे दोन तुकडे झाले, त्यानंतरची ती वर्षं. राज्य फुटलं तसं आमचं खातंही फुटलं. मग उरलेल्याची पुन्हा जुळवाजुळव सुरू झाली. रोज नवी खबर. हा विभाग त्या विभागात मिळवला, ते दफ्तर उठलं, अमक्याचा तबादला रायपूरला, तमक्याचा जबलपूरला. गोरखीच्या बाजूच्या आमच्या त्या जुन्या इमारतीत पेन्शनचा विभाग होता. खात्यातून निवृत्त झालेल्या लोकांचे कागद तपासायचे आणि पुढे पाठवायचे, एवढंच काम. त्याचे बडेबाबू म्हणजे हे. जमादार मी.

कंप्यूटर आला आणि त्याच्याबरोबर तो चालवायला रश्मी आली. मराठीच पोरगी, पण वाक्य मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. बडेबाबूंना तिने पहिल्या दिवशी कंप्यूटर शिकवला, आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून बसली. कारण तो डबा मधूनमधून विचारतो ना, 'नक्की करायचं का?' आपण सगळे न वाचता 'हो' दाबतो. बडेबाबू थांबायचे. चष्मा पुसायचे. उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचे.

"सर, सिर्फ फाइल बंद करायची आहे, दबा दीजिए ना!"

"तो विचारतोय, नक्की का. विचारतोय तर विचार नको करायला?"

परत येऊन, खुर्चीवर नीट बसून, मग दाबायचे 'हो'. कधी कधी 'नाही'सुद्धा दाबायचे.

हे सगळं हसण्यासारखं होतं, तोवर मी पण हसलो. मग वरून फर्मान आलं.

सगळ्या जिल्ह्यांतली पेन्शनची माहिती आमच्याकडे कंप्यूटरमधून यायची होती. आम्ही ती उघडायची, तपासायची, पुन्हा बांधून मुख्यालयाला पाठवायची. मार्च संपायच्या आत. पाठवली तर पेन्शन विभाग ग्वाल्हेरात राहणार. नाही पाठवली तर विभाग उठून जबलपूरच्या दफ्तरात मिळवणार, आणि आम्ही सगळे त्याच्यामागे जबलपूरला.

माझ्या घरी तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे समजेल. आमच्या हिला आदल्या पावसाळ्यात लकवा मारला होता. डावं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आमचं घर कंपू मोहल्ल्यात, इस्पितळ दोन गल्ल्या सोडून. तिथे एक बाई तिच्याकडून रोज व्यायाम करून घ्यायची. त्या वेळी ती नुकती कठडा धरून उभी राहायला लागली होती. पोरी सासरी. मी जबलपूरला गेलो तर तिला दोन्ही वेळ तिथे कोण नेणार? आणि तिला बरोबर नेलं तर तो कठडा, ती बाई, सगळं सुटलं. नोकरी सोडू म्हटलं तर घर कशावर चालवू? मी तिला तबादल्याचं काही सांगितलं नाही. सांगणारही नव्हतो.

जिल्ह्यांतून फायली आल्या. आल्या त्या बांधलेल्या. रश्मीने मला सांगितलं ते असं: खूप कागद असले की दाबून, आवळून एक गाठोडं करतात, म्हणजे तारेवरून लवकर येतं. "और काका, खोलायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं." कंप्यूटरच्या पोटात एक होतं, पण त्याला एकाच तऱ्हेची गाठ सुटायची, आणि अर्ध्या जिल्ह्यांनी दुसऱ्याच तऱ्हेची मारलेली. ती सोडवणारं सॉफ्टवेअर कंप्यूटर विकणाऱ्याने आपणहून घालून दिलं होतं. चाखायला. एक महिन्याची मुदत, मग विकत घ्या, असं लिहून दिलेलं, म्हणून बडेबाबूंनीही चालवू दिलं.

महिना संपला. फायली अर्ध्या पण उघडून झाल्या नव्हत्या. सकाळी मशीन चालू केलं तर पडद्यावर मध्येच एक खिडकी उघडली. बडेबाबूंनी मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं, "मुदत संपलेली आहे. कृपया विकत घ्यावे."

"कुछ नहीं सर," रश्मी म्हणाली, "ये तो सबको आता है. कोपऱ्यात दाबा, खिडकी बंद होते, काम चालूच राहतं. सारी दुनिया ऐसे ही चलाती है."

बडेबाबूंनी कोपऱ्यात दाबलं. खिडकी बंद झाली. मग त्यांनी ते सॉफ्टवेअरही बंद केलं, मशीनही बंद केलं, आणि मशीनवर कापड घातलं.

"मुदत म्हणजे मुदत," ते म्हणाले.

आता कुणालाही वाटेल की मग विकत घ्यावं. त्यांनी मागणी पाठवली. उत्तर आलं, पुनर्रचना पूर्ण होईपर्यंत सर्व खरेदी बंद. साहेबांनी खासगीत सुचवलं की बाड्यावरच्या दुकानात अशा वस्तू चकतीवर मिळतात, कुलूप तोडलेल्या. बडेबाबूंनी साहेबांकडे असं बघितलं, की साहेबच म्हणाले, "मजाक कर रहा था भाई."

मग ह्या माणसाने जे केलं ते दुनियेत कुणी केलं नसेल. त्यांनी त्या परदेशातल्या कंपनीला अर्ज लिहिला. विषय, मुदतवाढ मिळणेबाबत. संदर्भ, आपली दिनांक अमुकची खिडकी. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर की. सगळं इंग्रजीत, सरकारी थाटात, आणि खाली सही करून, ती सही मशीनवर चढवून रश्मीकडून पाठवलं. रश्मी तोंडावर ओढणी धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं! सगळे धावलो. रश्मीने वाचलं: तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार, आम्ही लवकरच संपर्क करू.

"झालं!" मी म्हटलं. "आभार मानून राहिले ते. दाबा बटण."

बडेबाबूंनी दोनदा वाचलं. "ही पोच आहे," ते म्हणाले. "मंजुरी नाही."

मशीनवर पुन्हा कापड पडलं. पुढे त्या कंपनीकडून मंजुरी आली नाही, जाहिराती मात्र खूप आल्या.

रश्मी बिचारी चांगली होती. तिने शोधून आणखी एक आणलं. तसंच काम करणारं, सगळ्या तऱ्हेच्या गाठी सोडणारं, आणि फुकट. मुदत नाही, खिडकी नाही, काही नाही. मला वाटलं सुटलो.

"फुकट?" बडेबाबू म्हणाले. "का?"

"का म्हणजे? बस, फ्री आहे सर."

"कोण देतोय? त्याचा आपला काय संबंध? आणि आपल्याला दिलंय, की घरी वापरणाऱ्यांना दिलंय? दफ्तरात चालतं का? लिहून दिलंय का?"

रश्मी म्हणाली, लिहिलेलं असतं त्याच्याबरोबर, पण ते कोणी वाचत नाही. बस्स. एवढं ऐकायची देर. म्हणाले, "छापून आणा."

ती पानं आली. बारीक इंग्रजी अक्षर, कायद्याची भाषा. बडेबाबूंनी घरून शब्दकोश आणला, पेन्सिल टोकदार केली आणि वाचायला बसले. एक ओळ वाचायची, तीन शब्द कोशात बघायचे, समासात खूण करायची, पुन्हा ती ओळ वाचायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्च सरत चालला होता. बाहेर लोकांनी जबलपूरला भाड्याने घरं कुठे मिळतात ह्याच्या गोष्टी सुरू केल्या होत्या. आणि हा माणूस पेन्सिल घेऊन बसलेला.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी पाण्याचा गिलास त्यांच्या टेबलावर असा आपटला की निम्मं पाणी त्या पानांवर.

"बडेबाबू, तुम्हाला काय, तुम्ही एकटे जीव. जबलपूर काय आणि ग्वाल्हेर काय. माझी बायको कठडा धरून उभी राहून राहिली आहे. माझ्याशिवाय तिला न्यायला कोणी नाही. तुमची ती सचोटी घाला चुलीत, आणि बटण दाबा!"

माझ्या घरची गोष्ट मी तोवर तिथे कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पानं टिपली. एक एक पान, घाई न करता. मग मान वर केली.

"कधीपासून?"

"आदल्या पावसाळ्यापासून."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"का बोलावं?"

"बरोबर," ते म्हणाले. "का बोलावं." मग पेन्सिल खाली ठेवून, "सरदार, मुख्यालयाला हा विभाग उठवायचाच आहे. निमित्त पाहिजे त्यांना. मुदत संपलेल्या वस्तूवर काम केलं हे कुणाच्या ध्यानात आलं, तर तेच निमित्त होईल. पण मी खोटं सांगणार नाही. हे निमित्ताचं नसतं तरी मी ते बटण दाबलं नसतं. मला नाही येत. तुम्हाला मान वाकवता येत नाही, तसं."

मी गिलास उचलला आणि पुन्हा पाणी भरून आणलं. त्यांचं म्हणणं मला पटलं असं नाही. मी आजही म्हणतो, दाबायला पाहिजे होतं. पण तो माणूस मला खोटं बोलला नाही, आणि माझी कीवही केली नाही. कीव केली असती तर मी त्या दिवशी दफ्तर सोडून गेलो असतो.

त्या दुपारी त्यांनी जेवण केलं नाही. डबा तसाच. मी येता जाता बघत होतो, पानं पालटत होती, जरा भराभर. आणि साडेतीनच्या सुमाराला त्यांचा आवाज आला, "सरदार! इकडे या. पोरी, तू पण ये."

बोट एका ओळीवर ठेवलेलं. "हे बघा. कुणीही वापरावं. कुठल्याही कंप्यूटरवर. दफ्तरातसुद्धा. हा शब्द बघा, दफ्तर, व्यापार, सगळं. पैसे देण्याचं बंधन नाही." मग पुढचं पान. "आणि हे. ह्याची आम्ही काही हमी देत नाही. काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही."

"बापरे," मी म्हटलं. "मग बुडालं."

"बुडालं कसं?" बडेबाबूंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "देतोय फुकट आणि वर सांगतोय की हमी नाही. अहो, खरं बोलतोय माणूस! कुठल्या मुलखात बसलाय देव जाणे, पण लिहून देतोय की घ्या, आणि आपलं आपण सांभाळा. ह्यापेक्षा चोख काय पाहिजे?"

रश्मीच्या तोंडून निघालं, "सर, मैं तो पहले दिन से..."

"तू सांगत होतीस. त्याने लिहून दिलंय."

तरी एवढ्यावर भागलं नाही. हमी नाही म्हटल्यावर तपासणी आली. त्यांनी आपलं रोज सकाळचं स्तोत्र रश्मीकडून टाइप करून घेतलं. ते बांधायला लावलं, सोडायला लावलं, आणि पडद्यावरचं वाचत, कोट घालून, उभ्याने, मोठ्या आवाजात म्हटलं. दुसऱ्या विभागातले लोक दारात जमले, कोणी हातही जोडले. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. बडेबाबू म्हणाले, "हरकत नाही. घ्या कामाला."

मग जी धावपळ झाली! रश्मी गाठोडी सोडत होती, कारकून कागद तपासत होते, बडेबाबू प्रत्येक नावावर पेन्सिल ठेवत होते, आणि मी चहा, पाणी, पंखा, दिवा, सगळं बघत होतो. साहेबाने वेळेनंतर थांबाल का विचारलं, तर बडेबाबू म्हणाले, लेखी हुकूम असेल तर थांबू. साहेबाने मुकाट्याने लिहून दिला. मार्चच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, सगळं पुन्हा बांधून मुख्यालयाला गेलं. रश्मीने सांगितलं, "गया." सगळे नुसते खुर्च्यांवर बसले. तिकडून उत्तर आलं, मिळालं म्हणून.

"ही पण पोचच आहे," मी बडेबाबूंना म्हटलं.

ते हसले. दात बारीक होते त्यांचे, मी पहिल्यांदा बघितले.

मंजुरी यायला वैशाख उजाडला. लिफाफा आला तो मीच नेऊन दिला. बडेबाबूंनी फोडला, उभे राहिले आणि वाचायला लागले. मी त्यांचा चेहरा बघत होतो, पण त्यावर काही दिसेल तर शपथ. पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, खाली कुणाकुणाला प्रत पाठवली तेसुद्धा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "विभाग इथेच राहतो आहे. कुणाचाही तबादला नाही."

गलका झाला. रश्मीने चक्क शिटी मारली. कोणी समोसे आणायला धावलं. बडेबाबू गलक्यातून माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "सरदार, घरी जा."

नोकरीभर त्या माणसाने कुणाला पाचच्या आधी सोडलं नव्हतं. घड्याळात तीन वाजले होते. माझे पाय तर निघालेच होते. पण सगळे बघत होते, आणि ह्यांचा उपकार मला नको होता.

"पाच वाजले नाहीत अजून," मी म्हटलं.

"मी सांगतोय ना."

"लिहून देता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि मी माझ्या स्टुलावर. लोक समोसे खाऊन, साहेबांच्या परवानगीने, एक एक करत निघून गेले. आम्ही दोघंच राहिलो. काम काही नव्हतं. ते पेन्सिल तासत होते, मी दाराकडे बघत होतो. दोनदा ते घड्याळाकडे बघताना मी पकडले, एकदा त्यांनी मला. पाचचे ठोके पडले तेव्हा दोघं एकदमच उठलो.

घरी पोचलो तर ही खाटेवर बसलेली, इस्पितळात जायला तयार, हातात काठी. मी सगळं सांगितलं. फर्मान काय होतं, जबलपूर काय होतं, इतके दिवस का बोललो नाही, आणि आज काय झालं. शेवटी ते पाचपर्यंत बसणंही सांगितलं.

"अहो," ती म्हणाली, "एवढी मोठी बातमी तीन वाजता कळली आणि तुम्ही पाचपर्यंत तिथे बसलात?"

"मग काय."

"आणि तेही बसले?"

"ते पण."

ती हसायला लागली. लकव्यानंतर ती हसत नसे, तोंड वाकडं होतं म्हणून पदर धरायची. त्या दिवशी पदर नाही धरला. तोंड गेलं एका बाजूला, जाऊ दे. खूप वेळ हसली. मग काठी टेकून माझ्या खांद्याला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "चला. आणि मला तिथे सोडलंत की दाल बाजारात गव्हाचं सांगून या. घराघरांत वर्षाचा गहू भरून झाला, आपलीच कोठी तुम्ही रिकामी का ठेवलीत, ते आज कळलं."